चाळिसाव्या पुस्तकावरून

टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी अद्भुतकथांच्या मालिकेत एकूण ४१ कादंबऱ्या आहेत. तबकडीसारखं सपाट जग चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अवाढव्य कासवाच्या पाठीवर आणि कासव अंतराळात पोहत निघालेलं. दिग्गज आणि कूर्म लहानपणापासून ऐकत आलेल्या मराठी वाचकाला या जगात शिरायला वेळ लागत नाही. त्यातलं चाळिसावं पुस्तक म्हणजे ‘रेझिंग स्टीम’. जादूच्या या जगात आगगाडी कशी येते, तिच्यावर कोण भाळतं आणि तिच्यावर कोण उठतं, याची ही गोष्ट. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. १२ मार्च २०१५ रोजी प्रॅचेट गेले.

या एका पुस्तकावरून मी जितके वाद ऐकले आणि घातले, तितके दुसऱ्या कुठल्याच पुस्तकावरून नाहीत. आमच्या पुण्यातल्या वाचनगटात वाद झाले, घरी झाले, इंग्लंडात राहणाऱ्या भाचीशी फोनवरही झाले. मालिकेतलं उशिराचं पुस्तक लोक कसं वाचतात, त्यावर का रागावतात आणि तरी त्याला का जपतात, हे त्या वादांतून उमगत गेलं.

१. वाचक कुठल्या दारातून आत आला ते आधी विचारावं

डिस्कवर्ल्डला एकच वाट नाही. चेटकिणींची पुस्तकं वेगळी, शहराच्या पहारेकऱ्यांची वेगळी, साक्षात मृत्यू नायक असलेली वेगळी. १९८३ चं ‘द कलर ऑफ मॅजिक’ वाचून आलेल्याला तलवारबाजीच्या आणि मंत्रतंत्राच्या कादंबऱ्यांची थट्टा हवी असते, कारण ते पुस्तक तेच करतं. २००२ च्या ‘नाइट वॉच’मधून आलेल्याला अन्यायावरचा संताप हवा असतो. २००४ च्या ‘गोइंग पोस्टल’पासून सुरुवात केलेल्याला मॉइस्ट फॉन लिपविग हवा असतो. हा फाशीच्या तख्तावरून परत आणलेला आणि बंद पडलेलं टपालखातं चालवायला बसवलेला भामटा. ‘रेझिंग स्टीम’मध्ये रेल्वेचं सरकारी काम त्याच्याच गळ्यात पडतं.

माझ्या भाचीला कुणीतरी वाढदिवसाला ‘रेझिंग स्टीम’च दिलं होतं. आधीची एकोणचाळीस तिनं वाचलेली नव्हती. ती पुस्तकावर खूश होती: धूर, वाफ, रूळ टाकण्याची घाई, कोळशाच्या काजळीनं माखलेली, हसरी माणसं. आमच्या गटातली एक दंतवैद्य मैत्रीण प्रॅचेट कॉलेजपासून वाचत आलेली. तिनं अर्ध्यावर पुस्तक मिटलं आणि म्हणाली, “ही माझी माणसं नाहीत.” दोघींनी एकच पुस्तक वाचलं होतं. पण एकीला पहिल्यांदा भेटलेली माणसं आवडली होती आणि दुसरीला जुन्या ओळखीची माणसं ओळखू येत नव्हती. म्हणून आता कुणी मत सांगू लागलं की मी आधी विचारते, “तुम्ही सुरुवात कुठल्या पुस्तकापासून केलीत?” निम्मा वाद तिथेच समजतो.

२. ‘बिघडलं’ म्हणणाऱ्याला पानावर बोट ठेवायला लावावं

‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे मत मालिकेच्या प्रत्येक उशिराच्या पुस्तकाला चिकटतं. त्यातून काहीच कळत नाही. मी नेटानं विचारत राहिले तेव्हा तक्रारी बाहेर आल्या, आणि त्या भक्कम निघाल्या.

पहिली तक्रार व्हेटिनरीबद्दल. अँख-मॉरपॉर्क या गजबजलेल्या, घाणेरड्या, जिवंत शहराचा हा शासक. आधीच्या पुस्तकांत तो थोडं बोलतो. समोर बसलेल्याला वाटतं की निर्णय आपण घेतला, आणि खोलीबाहेर पडल्यावर लक्षात येतं की दुसरी वाट आपल्यासाठी ठेवलेलीच नव्हती. वाचकालाही ते त्याच क्षणी कळतं, आणि त्यातच सगळी गंमत असते. ‘रेझिंग स्टीम’मधला व्हेटिनरी लांबलचक बोलतो, कारणं उलगडून सांगतो, धमकी उघड देतो. माझ्या मैत्रिणीनं पुस्तक मिटलं ते इथेच.

दुसरी तक्रार आवाजांची. शहराची घाण उपसून श्रीमंत झालेला हॅरी किंग, पहारेकऱ्यांचा प्रमुख व्हाइम्स आणि स्वतः मॉइस्ट यांची बोलण्याची ढब एकमेकांपासून कोसभर लांब असायची. इथे सगळे एकाच लांब, समजावणीच्या सुरात बोलतात. नाव झाकलं तर कोण बोलतंय ते सांगणं अवघड जातं.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत गंभीर वाटते. या पुस्तकात भीती उरत नाही. ‘गोइंग पोस्टल’मध्ये रीचर गिल्ट होता. हसतमुख, सभ्य, लोकांच्या पैशांवर आणि जिवावर उठलेला. तो जिंकेल असं शेवटपर्यंत वाटत राहायचं. ‘रेझिंग स्टीम’मध्ये बुटक्यांमधले कर्मठ धर्मगुरू संदेशांचे मनोरे जाळतात, आपल्या राजाविरुद्ध कट करतात, पण त्यांच्यातल्या एकालाही लक्षात राहील असा चेहरा नाही. अडचण येते आणि काही पानांत सुटते.

असं नेमकं बोललं की ज्यांना पुस्तक आवडलं त्यांनाही नेमकं उत्तर द्यावं लागतं, आणि तेव्हा चर्चेत रंग भरतो. आमच्या गटात अशा वेळी डिक सिमनेलचं नाव पुढे आलं. वाफेचं इंजिन बनवणारा हा खेडवळ तरुण. बाप अंदाजानं यंत्रं बनवत होता आणि बॉयलर फुटून गेला. मुलगा मोजमापावाचून पुढे जात नाही. कर्तबगार असून डोक्यात हवा न गेलेला, हिशेबावर श्रद्धा असलेला असा माणूस विनोदी वाङ्‌मयात क्वचित आढळतो. पूर्णवेळ लेखक होण्याआधी प्रॅचेट इंग्लंडच्या वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी होते, अणुवीज केंद्रांच्या बातम्या सांभाळत होते. अभियंत्यांचा सहवास त्यांना होता आणि त्या जमातीबद्दलची माया सिमनेलच्या प्रत्येक वाक्यात दिसते. पुस्तकावर रागावलेल्या माझ्या मैत्रिणीनंही हे मान्य केलं.

३. खरं भांडण बहुधा जग बदलू द्यायचं की नाही यावर असतं

हे लक्षात यायला मला सगळी मालिका क्रमानं पुन्हा वाचावी लागली. १९९० च्या ‘मूव्हिंग पिक्चर्स’मध्ये डिस्कवर्ल्डवर सिनेमा येतो. १९९४ च्या ‘सोल म्युझिक’मध्ये रॉक संगीत येतं. दोन्ही वेळा नवी गोष्ट वेड लावते, धोका निर्माण करते आणि पुस्तक संपताना नाहीशी होते. जग होतं तिथे परत येतं. विनोदी मालिकेला ही घडी सोयीची असते. आपल्यालाही चिमणराव कायम चिमणरावच हवे असतात, गुंड्याभाऊही तसाच.

मग घडी मोडते. १९९९ च्या ‘द फिफ्थ एलिफंट’मध्ये संदेश पाठवणारे मनोरे उभे राहिलेले दिसतात आणि ते पुढच्या पुस्तकांतही टिकतात. २००० च्या ‘द ट्रूथ’मध्ये वर्तमानपत्र निघतं आणि बंद पडत नाही. २००४ मध्ये टपालाची तिकिटं, २००७ च्या ‘मेकिंग मनी’मध्ये कागदी नोटा आणि २०१३ मध्ये आगगाडी. प्रॅचेट यांनी आपल्या अद्भुत जगात औद्योगिक क्रांती घडू दिली. माणसांचंही तेच. बुटक्यांच्या समाजात बाई आणि बाप्या वेगळे दाखवायचेच नाहीत अशी रीत. १९९६ च्या ‘फीट ऑफ क्ले’मध्ये चिअरी ही पोलीस ती रीत मोडून मी बाई आहे असं उघड सांगते, तेव्हा गदारोळ होतो. सतरा वर्षांनंतर ‘रेझिंग स्टीम’च्या शेवटी खुद्द बुटक्यांचा राजा सगळ्यांसमोर जाहीर करतो की मी राणी आहे. २०११ च्या ‘स्नफ’मध्ये ज्यांना किडामुंगीसारखं मारलं जात होतं ते गॉब्लिन आता मनोऱ्यांवर आणि रेल्वेत कामाला आहेत.

काही वाचकांना हेच खटकतं. आमच्या गटातल्या एका तरुण प्राध्यापकाचं म्हणणं असं, “सर्वांना हक्क मिळाले, रेल्वे आली, मग हे जग आणि आपलं जग यांत फरक काय उरला? मी जादू शोधायला आलो होतो.” त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. विनोद अडलेल्या व्यवस्थेवर पोसला जातो आणि व्यवस्था सुधारत गेली की हशाच्या जागा आटतात. तरीही माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. एका लेखकानं तीस वर्षं एकच जग लिहिलं आणि त्या जगाला मोठं होऊ दिलं, आपल्याच हुकमी युक्त्या मोडीत काढल्या, ही मला या मालिकेतली सगळ्यांत धाडसाची गोष्ट वाटते.

हा बदल नीट बघायचा तर सिमनेल बापलेक बघावेत. १९९१ च्या ‘रीपर मॅन’मध्ये नेड सिमनेल कापणीचं यंत्र बनवतो. त्या गोष्टीत नोकरी गेलेला मृत्यू शेतमजूर होऊन गवताची एकेक काडी स्वतंत्रपणे कापतो आणि ते खडखडणारं यंत्र त्याच्या विरुद्ध उभं असतं. एकेका जिवाची कदर न करता सरसकट कापत सुटणारं यंत्र म्हणून ते भयाण वाटतं. त्याच नेडच्या मुलाचं इंजिन, ‘आयर्न गर्डर’, बावीस वर्षांनंतर जिवंत बाईसारखं, जवळजवळ देवतेसारखं वावरतं. लोक तिला हात लावायला धावतात. एकाच लेखकाच्या मनात यंत्राबद्दल ही दोन टोकं होती. ‘रेझिंग स्टीम’ सपाट आहे असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगते की ‘रीपर मॅन’ शेजारी ठेवून वाचा.

४. आजार ठाऊक असावा, पण निकाल त्याच्या हाती देऊ नये

डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेट यांनी आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं जाहीर केलं. त्यात मेंदूचा मागचा भाग आधी खंगतो. डोळे शाबूत असतात, पण दिसलेल्याचा अर्थ लावणं बिघडतं. टंकन करणं अवघड होत गेलं. पुढची पुस्तकं त्यांनी संगणकाला सांगून आणि आपले सहायक रॉब विल्किन्स यांच्याकडून उतरवून घेऊन लिहिली. पुढच्याच वर्षी त्यांनी अल्झायमरच्या संशोधनासाठी दहा लाख डॉलर दिले, आणि २०११ मध्ये इच्छामरणावर बीबीसीसाठी माहितीपट केला.

एवढं माहीत झालं की गटात एक वाक्य हमखास येतं: “आजारी होते हो ते, जाऊ द्या.” आणि चर्चा संपते.

या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. आजाराचा लेखनावर परिणाम होतो हे खरंच आहे आणि त्याचा अभ्यासही झालेला आहे. आयरिस मरडॉक यांची १९९५ ची शेवटची कादंबरी ‘जॅक्सन्स डायलेमा’ आणि त्यांच्या आधीच्या कादंबऱ्या यांतले शब्द लंडनच्या संशोधकांनी ताडून पाहिले. शेवटच्या कादंबरीतला शब्दसाठा आकसलेला आढळला, असं त्यांनी २००५ मध्ये मांडलं. टोरांटो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी अगाथा ख्रिस्ती यांच्या उशिराच्या रहस्यकथांबद्दल असंच दाखवलं. तो अभ्यासकांचा प्रांत आहे आणि मोलाचा आहे. पण वाचक म्हणून आपण पुस्तकापुढे बसतो, रुग्णापुढे नाही. ‘आय शॅल वेअर मिडनाइट’ २०१० मध्ये आलं. तेही निदानानंतरचंच. टिफनी एकिंग या तरुण चेटकिणीच्या गोष्टींतलं ते मला सगळ्यांत धारदार वाटतं, आणि माझ्या ओळखीच्या अनेक वाचकांनाही. ‘रेझिंग स्टीम’मधलं जे फसलं ते आजारामुळे म्हणायचं, तर ‘आय शॅल वेअर मिडनाइट’ कशामुळे साधलं म्हणायचं?

जो माणूस अक्षरं डोळ्यांपुढून निसटत असताना कादंबरी पुरी करतो, त्याला सहानुभूतीचे गुण देणं हा मला त्याच्या कष्टांचा अपमान वाटतो. व्हेटिनरी फसला असेल तर फसला म्हणावं. सिमनेल साधला असेल तर तेही तितक्याच मोकळेपणानं म्हणावं.

५. आपला मुलूख घेऊन वाचणाऱ्याचं ऐकावं

आमच्या गटात रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले एक काका आहेत. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी कर्जत-लोणावळा पट्ट्यात काढली. कुणाच्याच ध्यानात न आलेला आक्षेप त्यांनी घेतला. ‘रेझिंग स्टीम’मध्ये डोंगराळ मुलखातून शेकडो मैल रूळ टाकले जातात आणि त्यात मजूर मेल्याचं दुःख कुठे जाणवतच नाही. शेवटच्या टप्प्यात अपुऱ्या पुलावरून गाडी न्यायची वेळ येते तेव्हा गोलेमांच्या, म्हणजे मातीच्या महाकाय पुतळ्यांच्या, बळावर ती पलीकडे जाते. काका म्हणाले, “पुलाखाली गोलेम उभे केले की झालं? आमच्या घाटात माणसं उभी होती.”

मग ते भोर घाटाबद्दल बोलत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, ती सपाटीवर. खरी परीक्षा सह्याद्रीची होती. घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६३ मध्ये पुरं झालं. सदतीस फुटांत एक फूट असा चढ, पंचवीसहून अधिक बोगदे, आणि पटकीनं व अपघातांनी गेलेले हजारो मजूर. सॉलोमन ट्रेडवेल हे कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच काळात मरण पावले, आणि त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालवलं. कर्जतला गाडीमागे ढकलायला जादा इंजिनं लावतात ती त्याच चढापायी. इंग्लंडातही रेल्वेची किंमत पहिल्याच दिवशी मोजावी लागली होती. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या उद्‌घाटनालाच खासदार विल्यम हस्किसन इंजिनाखाली सापडून गेले.

‘रेझिंग स्टीम’वरची इतकी वजनदार टीका मी दुसरीकडे ऐकलेली नाही. गंमत अशी की पुस्तक सगळ्यांत जास्त आवडलंही काकांनाच. इंजिन थंड कसं होतं, पाणी कुठे भरायचं, रुळांवर माणूस येऊ नये म्हणून काय करायचं, असल्या तपशिलांत प्रॅचेट रमले आहेत. तो भाग ते बायकोला मराठीत सांगत बसायचे.

६. ऐकणाऱ्यांचं मत वेगळं मोजावं

ज्यांनी हे पुस्तक स्टीफन ब्रिग्ज यांच्या आवाजात ऐकलं, त्यांना लांब संवाद फारसे खटकत नाहीत. ब्रिग्ज यांनी डिस्कवर्ल्डची नाटकं केली, अँख-मॉरपॉर्कचा नकाशा काढायला मदत केली. पात्रांचे सूर ते आवाजानं वेगळे करतात. छापील पानावर हरवलेली ढब त्यामुळे परत येते. बोलून लिहिलेलं पुस्तक कानांनी वाचण्यात मला एक न्यायही दिसतो.

७. गर्दीतल्या ओळखीच्या चेहऱ्यांवर दोन मतं राहणारच

मालिकेतली जुनी पात्रं ‘रेझिंग स्टीम’मध्ये एकामागून एक हजेरी लावतात. काहींना ही निव्वळ मोळी वाटते, काहींना निरोपाचा समारंभ. मी निरोपवाल्यांच्या बाजूची, पण प्रॅचेट यांनी तसं ठरवून केलं होतं असं मी कधी म्हणत नाही. तो अर्थ आपण मार्च २०१५ नंतर लावला आहे. भट्टीत कोळसा टाकणाऱ्या स्टोकर ब्लेकवरूनही असेच दोन तट पडतात. तो मुळात कोण हे शेवटी कळतं, आणि दुसऱ्या वाचनात त्याची प्रत्येक हालचाल वेगळी दिसते. माझ्या मैत्रिणीनं पुढे कधीतरी पुस्तक पुरं केलं ते ब्लेकपायीच. व्हेटिनरीबद्दलची तिची तक्रार मात्र कायम आहे.

८. शेवटचं पुस्तक राखून ठेवणाऱ्यांना घाई करू नये, पण आग्रह सोडूही नये

एकेचाळिसावं ‘द शेफर्ड्स क्राउन’ ऑगस्ट २०१५ मध्ये, प्रॅचेट गेल्यावर आलं. आणखी पुस्तकं येणार नाहीत हे त्यांची मुलगी ऱ्हियाना हिनं स्पष्ट केलं. २०१७ मध्ये, प्रॅचेट यांच्या इच्छेप्रमाणे, अपुरी लेखनं साठवलेली त्यांची हार्ड डिस्क डॉर्सेटमधल्या वाफयंत्रांच्या जत्रेत जुन्या स्टीमरोलरखाली चिरडून टाकली. आगगाडीवर इतकं प्रेम करणाऱ्या माणसाला वाफेचाच रोलर मिळाला हे मला फार योग्य वाटतं.

म्हणून जगभर असे वाचक आहेत ज्यांनी ‘द शेफर्ड्स क्राउन’ विकत घेतलं आणि उघडलं नाही. ते वाचलं नाही तोवर डिस्कवर्ल्डचं एक पुस्तक शिल्लक राहतं. माझी दंतवैद्य मैत्रीण त्यांतलीच. तिची भावना मला समजते, पटत नाही. या पुस्तकात थोरली चेटकीण ग्रॅनी वेदरवॅक्स सुरुवातीलाच मरते. मालिकेतली सगळ्यांत कणखर बाई, आणि ती आपलं घर झाडूनपुसून, सगळं जागच्या जागी लावून जाते. पुढे तिची जागा आणि स्वतःचं माळरान अशा दोन्हीकडे टिफनीला पुरं पडायचं असतं. दोन गावं सांभाळता सांभाळता तिची दमछाक होते. जेफ्री नावाचा एक मुलगा चेटकिणींचं काम शिकायला येतो, त्यावर कुरबुर होते, आणि हळूहळू त्याचं काम लोकांना पटतं. रॉब विल्किन्स यांनी शेवटी लिहिलं आहे की लेखकाला वेळ मिळता तर पुस्तक आणखी भरलं असतं. ते जाणवतं. काही प्रसंग सांगाड्यासारखे राहिले आहेत. पण ग्रॅनीच्या मरणाचं प्रकरण तसं नाही. ते पूर्ण आहे.

मैत्रिणीला मी सांगितलं आहे की निदान तेवढं प्रकरण वाच, मग पुस्तक परत मीट हवं तर. ती म्हणते, “पावसाळ्यात बघू.” काकांनी मध्येच विचारलं की त्यात रेल्वे आहे का. थोडी आहे. त्यांनी लगेच माझी प्रत मागून नेली.